फिरतंय खरं, पण वीज कुठाय?

विचारा की! | वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आमच्या गच्चीवरच्या फिरत्या शिल्पाचा फोटो छापला आणि खाली एकच ओळ लिहिली, की रात्रीचा दिवा हे स्वतःच्या विजेवर लावतं. तेवढ्यावर एवढी पत्रं आली की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. इन्व्हर्टर आणि मिक्सरचे प्रश्न पाठवलेल्यांनी जरा दम धरा, पुढच्या अंकात तुमचाच नंबर.

प्रश्न : सर, मी आर्ट कॉलेजला फायनल इयरला आहे. रंकाळ्याच्या काठावर ठेवता येईल असं वाऱ्यावर फिरणारं शिल्प करायचंय. आयडिया अशी की एकदा फिरायला लागलं की त्याचीच वीज त्याच्याच मोटरला द्यायची, म्हणजे वारा पडला तरी ते फिरत राहील आणि उरलेल्या विजेवर लाइट लागतील. असा व्हिडिओ बघितलाय. मोटर कुठली घेऊ?
(कोल्हापूर)

मित्रा, वाईट बातमी आधीच देऊन टाकतो. तो व्हिडिओ खोटा आहे. टेबलाच्या पायातून वायर गेलेली असते नाहीतर बेसमध्ये बॅटरी लपवलेली असते, आणि मागे म्युझिक एवढं जोरात की माणसाचं लक्ष तिकडे जात नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, हाताने करून बघ. भंगारातल्या प्रिंटरमधली नाहीतर खेळण्यातली छोटी डीसी मोटर घे. वायरी मोकळ्या ठेवून शाफ्ट बोटाने फिरव, गरकन फिरतो. आता त्याच दोन वायरींची टोकं एकमेकांना जोड आणि परत फिरव. चिखलात फिरवल्यासारखं जड लागतं की नाही? मोटर तीच, बोट तेच, फक्त करंटला वाट मिळाली. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं की चुंबक आणि तार एकमेकांसमोरून हलले की तारेत वीज येते, आणि पुढे लेंझने सांगितलं की ती आलेली वीज त्या हलण्यालाच आडवी येते. जेवढा करंट ओढशील तेवढं शिल्प जड फिरणार. मग तोच करंट मोटरला देऊन परत शिल्प ढकलायचं म्हणजे उजव्या खिशातले पैसे डाव्या खिशात टाकायचे आणि टाकताना दरवेळी थोडे रस्त्यावर सांडायचे, कारण बेअरिंग, वाइंडिंग (तारेचे वेढे), डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) सगळे आपापला वाटा खातात.

आता राहिला वारा. वीज येणार ती वाऱ्यातून, म्हणून सुरुवात मोटरपासून करू नकोस, वाऱ्यापासून कर. समज तुझं शिल्प १ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच आहे, म्हणजे वाऱ्यासमोर दीड चौरस मीटर. सेकंदाला ३ मीटरचा वारा असला (ताशी साधारण ११ किलोमीटर, झाडाची पानं सळसळतात तेवढा) तर त्या चौकटीतून जाणाऱ्या हवेत एकूण २२ वॅट असतात. सगळे २२ कुणालाच मिळत नाहीत, थिअरीतच ५९.३ टक्क्यांच्या वर जाता येत नाही, आणि आपल्यासारख्यांनी पत्रा वाकवून केलेल्या उभ्या पंख्याला १५ टक्के मिळाले तरी पेढे वाटायचे. म्हणजे शाफ्टवर ३ वॅट आणि जनरेटर, डायोड, वायर पार करून दिव्यापर्यंत दीड वॅट. हसू नकोस, दीड वॅटमध्ये चांगला एलईडी झकास लागतो.

गंमत पुढे आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. तोच वारा सेकंदाला ६ मीटर झाला की २२ चे जवळपास १८० वॅट. आणि २ मीटरवर आला की साडेसहा वॅट, त्यात तुझ्या हातात काही पडत नाही, बेअरिंगच खाऊन टाकतं. म्हणून आषाढात रंकाळ्याच्या पाण्यावरून पश्चिमेचा वारा सरळ येतो तेव्हा तुझं शिल्प राजा, आणि कार्तिकात पान हलत नाही तेव्हा नुसता पुतळा. तुझं सबमिशन उन्हाळ्यात असेल तर संध्याकाळच्या झुळकेवर हिशोब धर. जागा ठरवायच्या आधी आठवडाभर वेगवेगळ्या वेळी जाऊन वारा मोज, हातात धरायचं छोटं यंत्र मिळतं. रंकाळ्यावर कायमचं ठेवायचं तर महापालिकेची परवानगी लागेल, पण ते नंतरचं, आधी कॉलेजच्या गच्चीवर फिरव.

आकाराचं म्हणशील तर माझं मत ऐक, पटलं तर घे. तीन पात्यांचा विमानासारखा पंखा वीज जास्त देतो, पण तो पवनचक्की दिसतो, शिल्प नाही. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर रांगेने उभे आहेत, बघायला छान आहेत, पण तुला परत तेच करायचंय का? मी सावोनियस घेतला. सिगुर्ड सावोनियस नावाच्या फिनलंडच्या माणसाने १९२० च्या दशकात काढलेली युक्ती, पिंप उभं कापायचं, दोन अर्धे एकमेकांपासून जरा सरकवून शाफ्टला लावायचे, वरून बघितलं तर इंग्रजी एससारखं दिसतं. वारा कुठूनही आला तरी फिरतं, हळू वाऱ्यात सुरू होतं, आणि मुख्य म्हणजे त्याच्यावर तू काहीही करू शकतोस. पात्याला पीळ दे, त्यात जाळी काप, तांब्याचा पत्रा ठोकून घे, एकावर एक तीन मजले करून प्रत्येक मजला थोडा फिरवून लाव, म्हणजे एक अडकला तर दुसरा ढकलतो आणि बघणाऱ्याला लाट वर चढल्यासारखी वाटते.

काल्डर हा अमेरिकन शिल्पकार तुला कॉलेजात शिकवला असेल. १९३१ मध्ये मार्सेल द्युशाँने त्याच्या हलत्या कामांना मोबाइल हे नाव दिलं तेव्हा त्यातल्या काहींना मोटर होती, मग काल्डरने मोटर सोडून दिली आणि कामं वाऱ्यावर टांगली. थिओ यान्सन नावाचा डच माणूस १९९० पासून प्लॅस्टिकच्या पाइपांची चालणारी जनावरं करतो, तीही वाऱ्यावरच, आणि त्यातली काही तर वाऱ्याची ताकद बाटल्यांमध्ये दाबलेल्या हवेच्या रूपात साठवतात, विजेच्या भानगडीत पडतच नाहीत. हे अशासाठी सांगतोय की हालचाल ही तुझी मुख्य वस्तू आहे आणि वीज तिच्यातून उसनी घ्यायची आहे. लोभ करून जास्त ओढलीस तर शिल्प रडत रडत फिरेल. मी पहिल्यांदा हेच केलं, बॅटरी भरायच्या नादात एवढा लोड लावला की शेजारचा पोरगा विचारतोय, काका, हे आजारी आहे काय?

बॅटरी लावायचीच तर ३.२ व्होल्टचा लिथियम आयर्न फॉस्फेटचा एक सेल, ६ अँपिअर-तासांचा, तुला भरपूर होतो. त्यात १९ वॅट-तास मावतात आणि १ वॅटचा दिवा रात्री ५ तास लावला तर ५ जातात. पण मी तुला सांगू, एक सर्किट बॅटरीशिवायही ठेव. जनरेटरची वीज थेट एलईडीला. १२ चुंबकांचा जनरेटर मिनिटाला ५० फेरे फिरला की वीज सेकंदाला फक्त ५ वेळा उलटसुलट होते, घरातली ५० वेळा होते. त्यामुळे दिवा डोळ्याला दिसेल असा धडधडतो, झुळूक वाढली की धडधड वाढते, पडली की विझत जातो. इंजिनिअर याला दोष म्हणतील. तू आर्टिस्ट आहेस, वापर की.

प्रश्न : आमचं उद्यमनगरात टर्निंगचं काम आहे. मुलाच्या हट्टापायी उभा पंखा केला, हब, शाफ्ट सगळं लेथवर एकदम पर्फेक्ट. खाली गाडीचा जुना अल्टरनेटर लावलाय. वाऱ्यावर फिरतंय मस्त पण वीज शून्य. अल्टरनेटर चेक करून आणला, चांगला आहे म्हणतात. मग घोडं कुठं अडलंय?

पाव्हणं, अल्टरनेटर चांगलाच आहे, चूक त्याची नाही. गाडीचा अल्टरनेटर चार्जिंग करायला लागतो तो मिनिटाला हजाराच्या वर फेरे झाल्यावर, आणि तुमचा १ मीटरचा सावोनियस बऱ्यापैकी वाऱ्यात फिरतो ४५ ते ५५. वर त्या अल्टरनेटरला आत स्वतःचं चुंबक नसतं, फील्ड कॉइलला आधी बॅटरीतून करंट द्यावा लागतो, म्हणजे वीज तयार करायला अगोदर वीज घालायची. पट्टा लावून वीसपट स्पीड वाढवायचा विचार डोक्यात येईल, मीही केलाय, पट्ट्याच्या ओढीनेच हळू वाऱ्यात सगळं जाम होतं.

अजून एक सांगतो कारण पुढची उडी सगळे तिकडेच मारतात. घरातल्या जुन्या सीलिंग फॅनची मोटर फिरवूनही वीज येत नाही, ती इंडक्शन मोटर, तिच्यातही चुंबक नाही. हल्ली ते कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे निघालेत त्यांच्यात मात्र चुंबक असतं, त्याचं सर्किट काढून तीन वायरी बाहेर घेतल्या आणि हाताने फिरवलं की मीटर हलतो. नुसती हौस असेल तर त्याच्यावर सुरुवात करा. त्याची खोड एकच, चुंबक आतल्या लोखंडाच्या दात्यांना धरून बसतं, फिरवताना टक टक अडकतं, आणि मंद वाऱ्यात शिल्प त्या पहिल्या टकलाच थांबून राहतं.

तुमच्या हातात लेथ आहे म्हणून तुम्हाला मी सरळ सांगतो, जनरेटरच बनवा. ८ मिमी एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटच्या दोन गोल चकत्या, प्रत्येकीवर १२ निओडायमियम चुंबकं, एक उत्तर वर, पुढचं दक्षिण वर, अशी आलटून पालटून. दोन चकत्या समोरासमोर अशा ठेवायच्या की एकीच्या उत्तरेसमोर दुसरीची दक्षिण येईल. मधल्या फटीत ९ कॉइलची चपटी थाळी, रेझिनमध्ये ओतलेली, लोखंड अजिबात नाही. लोखंड नाही म्हणून टक टक नाही, नुसती फुंकर मारावी तसं फिरतं. तीन तीन कॉइल सिरीजमध्ये (एकापुढे एक) घेऊन तीन फेज, आणि स्टार कनेक्शन, म्हणजे तिघांचं एकेक टोक एकत्र जोडायचं आणि उरलेल्या तीन वायरी बाहेर घ्यायच्या. कॉइल भरायला तुमच्या शेजारचा पंपाच्या मोटरी भरणारा वाइंडर आहे, त्याला फक्त वेढे आणि गेज सांगा. थाळी ओतायला फायबरच्या मूर्ती करणारा कुणी गाठा, त्यांचा रेझिनवर हात बसलेला असतो, माझ्या पहिल्या थाळीत बुडबुडे राहिले होते, त्यांच्याकडून केली ती काचेसारखी निघाली. वेढे जास्त घेतले तर कमी स्पीडला व्होल्टेज मिळतं पण तार बारीक घ्यावी लागते, मग करंट कमी. पहिल्यांदा एकच कॉइल भरा, ५० फेऱ्यांवर व्होल्टेज मोजा, मग बाकीच्यांचा हिशोब.

डायोडकडे लक्ष द्या. जनरेटरची उलटसुलट वीज एकाच दिशेची करणाऱ्या साध्या ब्रिजमध्ये करंट एकावेळी दोन डायोडमधून जातो, प्रत्येकी ०.७ म्हणजे १.४ व्होल्ट तिथेच गेले. जनरेटर ३ व्होल्टच देत असेल तर अर्धी कमाई दारातच लुटली. शॉट्की डायोड घ्या, तिथे ०.३ ते ०.४ वर भागतं.

आणि बेअरिंग. तुम्ही सवयीने रबर सीलचं टूआरएस टाकलं असणार, ते आपल्याला पाणी आणि धुळीला बरं वाटतं, पण त्याचं रबर शाफ्टवर घासतं आणि तेवढंच घासणं मंद वाऱ्याला भारी पडतं. पत्र्याच्या शील्डचं झेडझेड घाला, त्यावर शाफ्टला एक उलटी वाटी बसवा, छत्रीसारखी, पाणी बाहेरून ओघळतं. खाली सगळं वजन एका बॉलवर येऊ देऊ नका, मोटरसायकलच्या हँडलचा बॉल रेस सेट तिथे उत्तम चालतो आणि कुठेही मिळतो.

एक धमकी समजा. चुंबक लावलेल्या त्या दोन चकत्या हाताने जवळ आणू नका. तीन लांब बोल्ट जॅकसारखे वापरून एक एक आटा सोडत खाली घ्या. माझं डाव्या हाताचं एक नख याच कारणाने गेलं, आणि ती चूक शंभर टक्के माझी, चहा गार होतोय म्हणून घाई. घरात कुणाला पेसमेकर असेल तर ही चुंबकं घरात आणूच नका.

प्रश्न : आमचं राजारामपुरीत मंडळ आहे. तांत्रिक देखावा करतो. यंदा स्वतःची वीज स्वतः बनवणारा फिरता देखावा करायचा पोरांचा विचार आहे. साउंड सोडून बाकी सगळं त्यावर चालेल का?

नाही. देखाव्यातल्या एका गिअर मोटरला जेवढं लागतं तेवढंसुद्धा गल्लीतल्या वाऱ्यातून येणार नाही, दोन्ही बाजूला इमारती, वर मांडव, वारा आत शिरायला वाट कुठाय. तुमच्याकडे वाऱ्यापेक्षा दुसरी भारी गोष्ट आहे, गर्दी. सायकलवर बसलेला धडधाकट माणूस आरामात ५० ते ७५ वॅट सतत देतो. देखाव्यासमोर चार सायकली ठेवा, पब्लिकने पायडल मारलं तरच चक्र फिरणार आणि दिवे लागणार, थांबले की अंधार. पोरं रांग लावतील बघा. सायकलच्या बाटलीछाप डायनामोच्या नादाला लागू नका, तो ६ व्होल्ट ३ वॅटचा असतो.

किंवा वजनाचा देखावा करा. २० किलोचं वजन २ मीटर उचललं की त्यात साधारण ३९० ज्यूल साठतात, खाली येताना अर्धे वाया गेले तरी १ वॅटचा दिवा तीनेक मिनिटं लागतो. आजोबांच्या लंबकाच्या घड्याळाचंच तत्त्व. एकेका भक्ताने दोरी ओढायची, वजन वर, आणि पुढची तीन मिनिटं गाभाऱ्यात उजेड. मला विचाराल तर सायकलीपेक्षा हेच लई भारी दिसेल.

प्रश्न : आमच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर वरच्या मजल्यावरच्या काकांनी असंच मोठं फिरतं शिल्प बसवलंय. दिसतं सुंदर. पण वळवाच्या पावसात ते एवढ्या जोरात फिरतं की मला झोप लागत नाही. खाली मुलं खेळतात. माझी भीती उगाच आहे का?

ताई, अजिबात उगाच नाही. वळीव येताना ताशी ७० किलोमीटरचा झोत येऊ शकतो, आणि दीड चौरस मीटरच्या शिल्पावर तेव्हा साधारण ४० किलोचा आडवा रेटा बसतो, तोही जमिनीपासून अडीच मीटर वर, म्हणजे शिल्प उलटवायला लीव्हर आयताच. काकांना विचारा बेस केवढा आहे. १.२ मीटर चौरस आणि १० सेंटीमीटर जाड काँक्रीट म्हणजे साधारण ३४५ किलो होतं, दीड चौरस मीटरच्या शिल्पाला मी त्याच्या खाली जाणार नाही, आणि एवढं वजन स्लॅबच्या मधोमध ठेवायचं नाही, खाली बीम किंवा कॉलम कुठाय ते बघून. नट सगळे नायलॉक पाहिजेत, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेले, हादऱ्याने सैल न होणारे. माझं एक पातं साध्या नटाने लावलं होतं, मे महिन्यातल्या एका संध्याकाळी ते सुटून शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीला जाऊन भिडलं. टाकी बदलून दिली, आणि सहा महिने त्यांच्या जिन्यात माझं बोलणं खाली मान घालूनच.

अजून एक विचारा, बॅटरी फुल झाल्यावर काय होतं? बरेच जण तेव्हा जनरेटर सोडवून टाकतात, मग शिल्पावरचा ताणच गेला आणि ते मोकाट सुटतं. तुमच्या झोपेचं खोबरं बहुतेक इथेच होतंय. वीज सोडवायची नसते, जाड रेझिस्टन्सच्या कॉइलवर वळवायची असते, ती गरम होते आणि शिल्प लगामात राहतं. शिवाय खाली एक स्विच पाहिजे, जनरेटरच्या तिन्ही वायरी एकत्र जोडणारा. वर त्या पोराला बोटाने फिरवायला सांगितलेला प्रयोग वाचा, तोच ब्रेक. फक्त तो आभाळ भरून आल्यावर लगेच टाकायचा, वादळ डोक्यावर आल्यावर नाही, कारण फुल स्पीडला वाइंडिंग जळतं पण शिल्प थांबत नाही. आणि मोठा वळीव दिसला की काकांनी वर जाऊन दोरीनेही बांधावं. मी बांधतो. लाज कसली त्यात.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा एक सोलर पॅनल का लावत नाही?

सर, तुमचं बरोबर आहे. २० वॅटचं पॅनल चांगल्या उन्हाच्या दिवसात ७५ वॅट-तास देऊन जातं, माझं शिल्प चांगल्या वाऱ्याच्या दिवसात ९ ते १०. पॅनलला बेअरिंग नाही, ग्रीस नाही, शेजाऱ्यांची टाकी फोडत नाही. नुसता दिवाच पाहिजे असेल तर पॅनलच घ्या, मी आमच्या जिन्यात तेच लावलंय.

पण याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी चित्रं काढता काढता सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला होता, स्वतःच्या हाताने करण्याची मजा वेगळीच. आमच्या घरी रात्री लाइट गेली की सगळी गल्ली अंधारात आणि गच्चीवर ते एकटंच धडधडत असतं. बायको खालूनच बघून सांगते, वारा वाढलाय, वाळत घातलेले कपडे काढा.